शुक्रवारची हळद

देविकानं ओढणी नाकावर घट्ट दाबली, तरी जोरात शिंकली, आणि मसाला कुटायच्या डंक्यासमोरच्या स्टुलावरून उठायला गेली.

"उठू नकोस!" मागून सरोजिनीकाकू ओरडल्या. "जरा नजर हलली की आपली बेडगी दुसऱ्याच्या डब्यात."

लालबागच्या मिरची गल्लीत एप्रिल-मे महिन्यात सगळे असेच बसतात, आपापल्या मसाल्यावर पहारा देत आणि शेजाऱ्यावर संशय घेत. लोखंडी मुसळं धाडधाड खाली आपटत होती. समोरचा माणूस कढईत मिरच्या परतत होता आणि त्याला एकही शिंक येत नव्हती. देविका निमूट बसली. बसण्याशिवाय तिला दुसरं काही सुचतही नव्हतं. तिचं विमान मंगळवारी होतं, हा मसाला तिच्याबरोबर आफ्रिकेत, मलावीला जायचा होता, आणि तिला जायचं नव्हतं. हे गल्लीत, चर्चमध्ये, घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मसाला मात्र कुटला जात होता.

परळच्या त्यांच्या छोट्या चर्चमध्ये भगिनी मंडळाचा एक नेम होता. देविका नर्स म्हणून मिशनच्या दवाखान्यात मलावीला निघाली, तेव्हा सरोजिनीकाकूंनी तो घालून दिला. सात बायका, सात वार. सोमवारी सरोजिनीकाकूंनी तिच्यासाठी प्रार्थना करायची, मंगळवारी एस्तेरआजींनी, असं करत करत रविवारी तिच्या आईनं, लतिकाबाईंनी. पोर एकटी परमुलखात आहे, तर एकही दिवस रिकामा जाता कामा नये. आणि ती सुट्टीवर आली की परत जाताना तिला वर्षाचा मसाला करून द्यायचा, त्यातसुद्धा वारांप्रमाणे वाटणी. सोमवारची मिरची, मंगळवारचे धणे, बुधवारचं दगडफूल. चमचाभर मसाला आमटीत पडला की सातही वार पोरीच्या पोटात जातात, असं सरोजिनीकाकू म्हणायच्या आणि दर वेळी स्वतःच्याच बोलण्यावर खूश व्हायच्या.

बाई प्रेमळ होत्या, यात वाद नाही. पण त्यांचं प्रेम म्हणजे हुकूमच असायचा.

"धणे झाले. आता हळकुंडं," त्या पिशव्या उलगडत म्हणाल्या. "शुक्रवारची हळद कुठाय, लतिका?"

"ही घ्या." लतिकाबाईंनी घाईघाईनं कागदाची पुडी पुढं केली.

देविकानं वळून पाहिलं. शुक्रवार मार्थाबाईंचा होता. मार्थाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. ती बातमी देविकाला तिकडं फोनवर कळली होती आणि त्या रात्री ती खूप रडली होती.

"आई, शुक्रवार आता कोणाचा?"

"आहे ना कोणीतरी. सोय केलीये मी."

"कोण पण?"

"अगं, हळद आली ना? झालं तर मग. तू मिरचीकडे बघ."

सरोजिनीकाकूंनी भुवई वर केली, पण तेवढ्यात शेजारच्या बाईचा डबा आपल्या डंक्याजवळ सरकल्याचं त्यांना दिसलं आणि त्या तिकडं भांडायला धावल्या. लतिकाबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. देविकाला तो दिसला.

घरी आल्यावर दोघी मायलेकी फरशीवर वर्तमानपत्र पसरून मसाला बरण्यांत भरत बसल्या. परळच्या त्या जुन्या इमारतीतलं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर देविकाचा फोटो, अंगावर पांढरा गणवेश, मागं तळं आणि भोवती मुलं. फोटो चर्चनं मोठा करून दिला होता. घरात येणारा प्रत्येक माणूस आधी त्या फोटोकडे बघायचा आणि मग लतिकाबाईंकडे. नवरा गेल्यावर भिंतीकडे तोंड करून बसणारी ही बाई लेकीच्या फोटोनंच पुन्हा ताठ झाली होती. आता लग्नकार्यात तिला पुढच्या खुर्चीवर बसवत. मिशनरीची आई म्हणत.

"आई," देविका बरणीचं झाकण आवळत म्हणाली, "मी थोडे दिवस राहिले तर?"

"राहा की! मंगळवारपर्यंत कोण हाकलतंय तुला?"

"तसं नाही गं."

"मग कसं?" लतिकाबाईंचा हात पातेल्यातच थांबला. क्षणभर त्यांनी लेकीकडे पाहिलं, आणि मग घाबरल्यासारख्या भराभर बोलायला लागल्या. "जीव लागतोच. प्रत्येक वेळी जाताना तुझं असं होतं. विमानात बसलीस की ठीक होईल. रविवारी निरोपाची उपासना आहे, पाळकसाहेबांनी मुद्दाम ठेवलीये. एस्तेरआजी रिक्षा करून येणार आहे, तिला जिना चढवत नाही तरी. कालच म्हणत होती, आमची देविका म्हणजे आमच्या चर्चचा दिवा. हे झाकण नीट लाव, मागच्या वेळी सांडला होता."

देविकानं झाकण नीट लावलं. मग ओढणीनं डोळे पुसले. मसाल्याच्या घरात डोळे पुसणाऱ्या माणसाला कोण विचारतं? कुणी रागावलं असतं, कुणी जबरदस्ती केली असती, तर तिनं सरळ सांगून टाकलं असतं. इथं सगळे प्रेम करत होते. प्रेमातून वाट काढायची कुठून, हे तिला कळत नव्हतं. तिच्या सगळ्या वाटांवर कुणी ना कुणी हात जोडून उभं होतं.

"चाळणी दुर्गाबाईंची आहे," लतिकाबाई म्हणाल्या. "तेवढी देऊन ये."

दुर्गा कांबळे म्हणजे त्याच मजल्यावर शेवटच्या खोलीत राहणाऱ्या, पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. अर्ध्या इमारतीला त्यांनी पाढे शिकवले होते आणि उरलेल्या अर्ध्या इमारतीला वळण लावायचा प्रयत्न सोडून दिला होता. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. आपलं नाव देवीचं आणि घरात देव एकही नाही, असं त्या स्वतःच हसत सांगायच्या.

संध्याकाळचे चार वाजले असतील. दुर्गाबाई गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. हातात चहाचा कप, नजर समोरच्या टॉवरवर. देविकाला दारात बघून त्या दचकल्या आणि मग एकदम हसायलाच लागल्या.

"अगं, तूच आलीस? मग आज मला सुट्टी!"

"कसली सुट्टी, मावशी?"

दुर्गाबाईंनी जीभ चावली. "काही नाही. बस. चहा घेतेस?"

देविकानं चाळणी खाली ठेवली. आज शुक्रवार होता. आईचा मघाचा सुटकेचा श्वास तिला आठवला, आणि तिनं अविश्वासानं समोरच्या बाईंकडे पाहिलं.

"मावशी, हळद तुमची?"

"गेलं! तुझ्या आईनं मला शपथ घातली होती. त्या सरोजिनीबाईंना कळलं तर मला गल्लीत गाठतील." दुर्गाबाईंनी कप ठेवला. "तुमच्या त्या मार्थाबाई गेल्या ना, तेव्हा तुझी आई इथं येऊन रडली. म्हणाली, शुक्रवार उघडा पडला. मंडळातल्या तरुण पोरी नोकरीवाल्या, कुणी हो म्हणेना, आणि ज्यांचे वार आहेत त्यांना दुसरा दिला तर म्हणतात नेम मोडतो. मी म्हटलं, बाई, मला द्या. फक्त मला तुमची प्रार्थना येत नाही आणि मी ती करणारही नाही. खोटं कशाला बोलू?"

"मग?"

"मग काय, ती म्हणाली, नुसतं डोळे मिटून नाव घ्या तिचं. मी म्हटलं, या वयात डोळे मिटले की मला झोप लागते. तेव्हा मी उघड्या डोळ्यांनी बसते. दर शुक्रवारी, चहा घेऊन."

"आणि काय करता?"

"तुझा विचार करते, दुसरं काय! पोरगी आज जेवली असेल का. तिथली ती मक्याची उकड तिला आता तरी गिळवते का. कुणी बोलायला आहे का तिला, मराठीत. एकदा वाटलं, आज ही कुणावर तरी भयंकर चिडली असेल. म्हटलं, बरंच आहे, चिडू दे. सदानकदा दिवा होऊन जळायचं म्हणजे काय, वात संपते एखाद्या वेळी."

देविका बसल्या जागी रडायला लागली. ओढणी तोंडाशी धरूनही तिला आवरेना. दुर्गाबाईंनी गॅलरीचं दार लोटलं, पाणी आणून ठेवलं आणि शेजारी बसून राहिल्या. शाळेत रडणारी मुलं त्यांनी खूप पाहिली होती. मध्ये बोललं की रडणं लांबतं, हे त्यांना माहीत होतं.

"मला प्रार्थना करता येत नाही, मावशी," शेवटी देविका म्हणाली. "मागच्या पावसात तिथं कॉलरा आला. चिसोमो नावाची एक मुलगी होती, पहिलटकरीण. तिची सासू, मी, आमच्या आयाबाई, सगळे पलंगाला धरून प्रार्थना करत होतो. सलाइन संपलं होतं. ती गेली. बाळ आधीच गेलं होतं. तेव्हापासून तोंड उघडलं की शब्द येतात, पण मी येत नाही त्यांच्याबरोबर. रोज सकाळी दवाखान्यात प्रार्थना मीच घेते. इथं पाळकसाहेबांना फोनवर सांगते, प्रभूच्या कृपेनं सगळं छान आहे. आणि इकडं सात बायका माझ्यासाठी… मी फसवतेय सगळ्यांना."

"सहाच. सातवी मी."

रडता रडता देविकाला हसू फुटलं. मग पुन्हा रडू आलं.

"जाऊ नये असं वाटतं?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. किती दिवस राहणार, कधी निघणार, काय काय नेणार, एवढंच सगळे विचारत. उत्तर देताना देविकाचा आवाज अगदी बारीक झाला.

"हो. म्हणजे कायमचं का, ते नाही माहीत मला. त्या बायकांची आठवण येते. दवाखान्याची येते. पण मंगळवारी नाही जमणार. खरंच नाही जमणार. आणि आईला कसं सांगू? तिचं सगळं मोठेपण त्या फोटोत आहे."

गार झालेला चहा दुर्गाबाईंनी एका घोटात संपवला.

"त्याचं उत्तर माझ्याकडे नाही बाई. तुझी आई, तुझा देव, तुमचं तुम्ही बघा. माझं एवढंच आहे की तू आफ्रिकेत राहा, नाहीतर या चार दारांपलीकडे राहा, शुक्रवार मी धरलाय. तो काय मी मलावीसाठी धरला नव्हता."

देविकानं नाक पुसलं.

"रविवारी चर्चमध्ये याल?"

"मी? मला काय कळणार तिथलं?"

"मला तरी हल्ली कुठं कळतं," देविका म्हणाली.

रविवारी चर्च भरलं होतं. वरचे पंखे आवाज करत होते, वारा मात्र येत नव्हता. एस्तेरआजी खरंच रिक्षानं आल्या होत्या आणि दोन पोरांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर आणलं होतं. पुढच्या टेबलावर मसाल्याच्या बरण्या मांडल्या होत्या, लाल, गच्च भरलेल्या. पहिल्या बाकावर लतिकाबाई ठेवणीतली साडी नेसून बसल्या होत्या. सगळ्यात मागच्या बाकावर, दाराशी, दुर्गाबाई. त्यांना तिथं बघून लतिकाबाईंचा चेहरा उतरला होता. पण आता सगळ्यांसमोर काय करणार?

गीत झालं. वचन झालं. पाळकसाहेब देविकाच्या सेवेबद्दल भरभरून बोलले. मग नेमाप्रमाणे सातही बायकांनी उठून आपापला वार सांगायचा, बरण्या देविकाच्या हाती द्यायच्या आणि निरोपाची प्रार्थना व्हायची. सरोजिनीकाकू पदर सावरून उठायच्या बेतात होत्या.

"काकू, एक मिनिट," देविका म्हणाली. "आधी मला बोलायचंय."

ती पुढं उभी राहिली. तिनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. आईकडे बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. तरी ती तिच्याचकडे बघून बोलली.

"मी मंगळवारी जात नाहीये."

चर्चमध्ये कुणीतरी खोकलं. पाळकसाहेबांनी मान वर केली.

"दवाखान्यात काल फोन करून सांगितलंय. मी थकलेय. मला काही महिन्यांपासून प्रार्थना करता येत नाही. तिथं एक मुलगी माझ्या हातांत गेली आणि त्यानंतर ते बंदच पडलं. मी तुम्हांला सांगितलं नाही, कारण तुम्ही सगळे इतकं प्रेम करता की सांगायची भीती वाटली. परत जाईन की नाही, खरंच माहीत नाही. जाईनही." तिनं बरण्यांकडे पाहिलं. "एकच विचारायचं होतं. मी तिकडे असताना तुम्ही माझ्यासाठी वार धरता. मी इथं परळमध्येच राहिले, नुसती घरी बसून, तर धराल का?"

बुधवारची प्रिती मान खाली घालून बसली, तिनं मान वर केलीच नाही. एस्तेरआजी शेजारणीला मोठ्यानं विचारत होत्या, "काय म्हणते? काय म्हणते पोरगी?" आणि शेजारीण त्यांना गप्प करत होती. सरोजिनीकाकू अर्धवट उठलेल्या तशाच राहिल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, आणि रागाहून जास्त काहीतरी तुटल्याचं दुःख होतं. लतिकाबाई समोर बघत होत्या. नवरा गेल्यावर त्या भिंतीकडे बघायच्या, तशाच.

तेवढ्यात मागं बाक करकरला.

"शुक्रवार माझा," दुर्गाबाई म्हणाल्या.

झाडून सगळं चर्च मागं वळलं. दाराशी पांढरी साडी नेसलेली, बाहेरची एक बाई उभी होती, आणि शाळेत हजेरी देतात तशी स्पष्ट बोलली होती. सरोजिनीकाकूंनी तिच्याकडे पाहिलं. मग लतिकाबाईंकडे पाहिलं. हळद त्यांच्या बरोबर लक्षात आली. दोन वर्षं आपला नेम कुणाच्या हाती होता, हे त्यांना उभ्याउभ्या कळलं, आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"हो, हो, पण," त्या कडाडल्या, "आधी सोमवार असतो बाई!"

आणि मग स्वतःचाच आवाज ऐकून त्या गडबडल्या. चष्मा काढून त्यांनी पदरानं पुसला, पुन्हा लावला, आणि देविकाकडे न बघता म्हणाल्या, "सोमवार माझा. कुठंही राहा."

"माझा कुठला गं?" एस्तेरआजींनी विचारलं.

"मंगळवार, आजी."

"मग मंगळवार माझाच ना! विचारायचं काय त्यात?"

प्रिती उठली नाही. गुरुवारची करुणा तिच्याकडे बघत थोडा वेळ थांबली, मग उठली आणि नुसताच हात वर केला. शनिवारच्या बाई गावाला गेल्या होत्या. त्यांच्यातर्फे कुणीतरी काही बोलायला लागलं आणि अर्ध्यावर थांबलं, कारण आता सगळे पहिल्या बाकाकडे बघत होते.

रविवार उरला होता.

लतिकाबाई उठल्या नाहीत. त्यांनी मांडीवरची पर्स उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली, बाकावर भिंतीकडे थोड्या सरकल्या, आणि रिकाम्या झालेल्या जागेवरची धूळ पदरानं पुसली.